मन मागून येते

आनंदी माणूस निरोगी राहतो, हे इतक्यांदा सांगितले गेले आहे की त्यावर कोणी वाद घालत नाही, आणि वाद नाही म्हणून ते कोणी तपासूनही पाहत नाही. गोव्यात तर सुशेगाद, म्हणजे निवांत, जगण्याची ख्याती एवढी की इथल्या माणसाला सुखाचे धडे कशाला हवेत, असे बाहेरच्याला वाटते. ही ख्याती मुख्यतः किनाऱ्यालगतच्या जुन्या काबिजादींची, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागाची. पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेले, त्यांची गणना नव्या काबिजादींत होते, आणि त्यांची अलीकडची वर्षे निवांत गेलेली नाहीत. डिचोलीत सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मधे काही काळ मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पेडण्यात मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांच्या जमिनी विमानतळासाठी गेल्या. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी त्याच तालुक्यातल्या धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचेही. एका तालुक्यातून रोजगार गेला, दुसऱ्यात जमीन गेली आणि वेगळ्या तऱ्हेचा रोजगार आला. आनंद आणि आरोग्य यांचे नाते खरे असेल, तर ते अशा ठिकाणीही खरे ठरले पाहिजे. म्हणून या लेखात दोघांना समोरासमोर बसवले आहे: डिचोलीत खाण कंपनीच्या हिशेबखात्यात हयात घालवलेले भाऊ आणि पेडण्यातल्या निवृत्त शिक्षिका बाई. दोघेही कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र कल्पित नाही.

भाऊ: बाई, या आनंदाच्या उपदेशाचा मला राग येतो, आणि तो का येतो हे आधी सांगतो. खाण बंद झाली तेव्हा ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता त्याचा ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचा हप्ता चालूच राहिला. गॅरेजवाला, टायरवाला, चहाच्या गाड्यावाला, सगळ्यांची तीच गत. अशा माणसाला रात्री झोप लागत नाही, त्याचे प्रेशर चढते, तो दारूकडे वळतो. त्याची प्रकृती बिघडली ती हप्त्याने. त्याला 'हसत राहा, बरे वाटेल' असे सांगणे म्हणजे दोष त्याच्याच पदरात टाकणे आहे. आणि हे मी नुसत्या भावनेने बोलत नाही. ब्रिटनमधल्या 'मिलियन विमेन स्टडी'चे निष्कर्ष डिसेंबर २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सात लाखांहून अधिक स्त्रिया, सुमारे दहा वर्षांचा पाठपुरावा. आनंदी बायका कमी मरतात असे वरवर दिसले. पण कोणाची प्रकृती आधीपासूनच खालावलेली होती आणि कोण सिगारेट ओढत होते हे हिशेबात धरले, तेव्हा तो फरक उरला नाही. आजारी माणूस दुःखी असतो. दुःखी माणूस त्या दुःखाने मरतो असे मात्र त्या आकड्यांत दिसले नाही. मी जन्मभर हिशेब केले आहेत. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली की सगळी वही चुकते.

बाई: भाऊ, त्या अभ्यासाला खोटे ठरवण्याची मला गरज वाटत नाही. त्याने एक भाबडी कल्पना मोडली हे चांगलेच झाले. मनाची कळी खुलली की कॅन्सर पळतो, असे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत आणि ती रुग्णावर अन्याय करतात, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य. पण वजाबाकीत काय काय गेले तेही हिशेबनिसाच्याच नजरेने पाहा. खिन्न माणूस जास्त सिगारेट ओढतो, कमी चालतो, औषधाच्या वेळा चुकवतो, आणि 'तुझी प्रकृती कशी आहे' असे विचारले तर ती आहे त्याहून वाईट सांगतो. मन शरीरापर्यंत पोचते ते बहुतेक याच वाटांनी. या वाटा हिशेबातून काढून टाकल्यावर मनाचा परिणाम शून्य दिसला, यात नवल नाही. जे शिल्लक राहते तेही अगदीच शून्य नाही. अमेरिकेत शेल्डन कोहेन यांच्या गटाने तीनशेच्या वर धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून पाहिला. एरवी उत्साही, समाधानी असणाऱ्यांना सर्दी कमी झाली. लंडनच्या सरकारी नोकरांच्या अभ्यासात दिवसभर जास्त वेळ बरे वाटणाऱ्यांच्या अंगात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक कमी आढळले. तरी हे पुरावे मी दुय्यमच मानते. मला मोठा वाटणारा पुरावा गोव्यातला आहे.

तो असा, भाऊ. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या गर्भवतींचा पाठपुरावा करणारा मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले तेव्हा २३ टक्के माता, म्हणजे जवळजवळ चौघींत एक, खिन्नतेच्या आजाराने ग्रासलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या बाळांविषयीचा शोधनिबंध आला. सहा महिन्यांच्या वयाला या मातांची बाळे वजनाने आणि उंचीने मागे पडण्याचे प्रमाण इतर बाळांच्या दुपटीहून अधिक होते. जन्माच्या वेळचे वजन लक्षात घेऊनही आईच्या मनाचा परिणाम वेगळा दिसत होता. तान्ह्या बाळाला आनंदाचा उपदेश कोणी केलेला नसतो. आपण सुखी आहोत की दुःखी, हे कुठल्या प्रश्नावलीत ते भरून देत नाही. त्याचे वजन काट्यावर दिसते. आईला उठवत नाही, भरवायला जीव होत नाही, बाळ रडते तेव्हा हाक पोचत नाही, आणि हे सगळे दुसऱ्याच एका शरीरावर ग्रॅममध्ये उमटते. मन आणि प्रकृती यांच्या नात्याचा याहून स्वच्छ दाखला सापडणे कठीण.

भाऊ: पण त्या माता खिन्न का होत्या, हेही त्याच अभ्यासात आहे ना? घरची ओढाताण, नवऱ्याशी न पटणे, मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. यातली एकही गोष्ट मनाची नाही. घर सुधारा, पगार द्या, नवऱ्याला आवरा; मन आपोआप सुधारेल. तुमचा पुरावा शेवटी माझ्याच खात्यात जमा होतो.

इथे भाऊंचे म्हणणे ताकदीचे आहे, आणि बहुतेक चर्चा इथेच थांबते: एक बाजू परिस्थितीची, दुसरी मनाची, आणि दोन्ही आपापल्या जागी घट्ट. माझ्या मते दोघांच्याही मनात एक समजूत न तपासता राहून गेली आहे. मन सुधारायचे तर आधी मनालाच हात घालावा लागतो, असे दोघेही धरून चालले आहेत. बाईंना ते शक्य वाटते, भाऊंना परिस्थिती बदलल्याशिवाय अशक्य. गोव्याच्या आरोग्य केंद्रांत जे झाले त्याने नेमकी ही समजूत हलवली. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार तपासला आणि त्याचा निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. बऱ्यापैकी तीव्र किंवा तीव्र खिन्नता असलेले ४९५ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार थोडे नीट करून दिले, दुसऱ्याला त्याशिवाय सहा ते आठ भेटी. या भेटी घेणारे ना मनोविकारतज्ज्ञ होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. ती साधी, प्रशिक्षण दिलेली माणसे होती. भेटीत लहानपणच्या जखमा उकरल्या जात नव्हत्या आणि 'चांगला विचार करा' असेही सांगितले जात नव्हते. तुम्ही दिवसभर काय करता, काय करायचे सोडून दिले आहे, कोणाकडे जाणे बंद केले आहे, ते मांडायचे. त्यातली एखादी छोटी गोष्ट निवडायची, ती कधी आणि कोणाबरोबर करायची ते ठरवायचे, आणि पुढच्या भेटीत झाली का ते पाहायचे. मन लागत नसले तरी करायचे. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. कामावर न गेलेले दिवस कमी झाले, आत्महत्येचे विचार कमी झाले, स्त्रियांनी सांगितलेली नवऱ्याची मारहाणही कमी होती. वर्षभरानंतर दोन्ही गटांतले अंतर कमी झाले, पण ते पुसले गेले नाही. आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे हे की वर्षाअखेर दिसलेल्या सुधारणेचा निम्म्याहून अधिक भाग रुग्ण प्रत्यक्ष काय करू लागला यावरून उलगडत होता. त्यांचे घर, पगार, नवरा कोणी बदलला नव्हता. मनालाही कोणी थेट हात घातला नव्हता. आधी हातपाय हलले, मग मन मागून आले.

भाऊंचा आक्षेप यामुळे खोडला जात नाही, पण त्याचे टोक बदलते. परिस्थिती मनाला पाडते हे खरेच. पडलेल्या मनाला परिस्थितीशी झगडता येत नाही, हेही तितकेच खरे. कर्जमाफीचा अर्ज भरायला, बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून मागायला, दुसरे काम शोधायला बळ लागते, आणि खिन्नता नेमके तेच हिरावून घेते. गोव्यातच साठीच्या पुढच्या १८१ माणसांवर झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे अजून आजारी नव्हती, पण उंबरठ्यावर होती. प्रशिक्षित सामान्य माणसांनी त्यांतल्या एका गटाला अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या ते शिकवले, झोपेची घडी बसवून दिली, मधुमेहासारख्या दुखण्यांत काय सांभाळायचे ते सांगितले आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवायला मदत केली. वर्षभरात या गटातल्या सुमारे ४ टक्क्यांना खिन्नतेच्या आजाराने गाठले. ज्यांना ही मदत नव्हती त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होते. मदत मिळालेल्यांचा वरचा रक्तदाबही उतरलेला आढळला. यात भाऊंची बाजू कुठली आणि बाईंची कुठली? गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या अर्जाला मदत करणे हा परिस्थितीवरचा उपाय की मनावरचा? एकच माणूस एकाच बैठकीत दोन्ही करतो तेव्हा हा वाद कागदावरच उरतो.

भाऊ: ठीक आहे, आजाऱ्याला उपचार लागू पडला. पण तुमचा विषय आनंदाचा होता. डिचोलीच्या बाजारात उभा असलेला माणूस खिन्नतेचा रुग्ण नाही, तो नुसता कंटाळलेला, चिडलेला, थकलेला आहे. त्याला यातून काय मिळणार? आणि आनंद हवा असलेल्यांची तर तुमच्या तालुक्यात रीघ आहे. हरमल, मोरजी, मांद्रे, जगभरातून लोक आनंद विकत घ्यायला येतात. ते निरोगी होऊन परत जातात काय?

बाई: विकत घेतलेल्या आनंदाची बाजू मी घेणार नाही. उलट संशोधन सांगते की आनंदाला फार किंमत देणारे, 'मी सुखी झालोच पाहिजे' म्हणून बसलेले लोक त्यामुळेच कमी सुखी होतात. मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस यांनी २०११ साली हे प्रयोगात दाखवले. आनंदावर डोळा ठेवून तो मिळत नाही. दुसऱ्या कशात तरी गुंतल्यावर तो मिळतो, आणि आपल्या दोन तालुक्यांत गुंतण्याच्या जागा आपल्या आधीच्या पिढ्यांनी करून ठेवल्या आहेत. पौषात बायका मांडावर, म्हणजे गावाने त्यासाठी राखलेल्या जागेत, धालो घालतात. दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात, वाकणे, मागे-पुढे होणे, आणि गाणे रात्र चढेपर्यंत. शिगम्यात घोडेमोडणीचा नाच होतो, ढोलताशांचा रोमटामेळ निघतो. देवळात भजन होते, दशावताराला अख्खा वाडा जागतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांच्या काही गटांना एकसारख्या आणि काही गटांना वेगवेगळ्या हालचालींनी नाचायला लावले. एकसारखे नाचलेल्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढली आणि सोबतची मुले जवळची वाटू लागली. धालो घालणाऱ्या बाईला हे कोणी सांगावे लागत नाही, पण आरोग्य खात्याला सांगावे लागते. १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०१० साली काढलेला निष्कर्ष असा, की ज्यांची नाती घट्ट आहेत त्यांची तगून राहण्याची शक्यता इतरांच्या दीडपट असते. तुमचा कंटाळलेला माणूस आजारी नाही, हे मान्य. त्याच्या दिवसात ठरलेले माणूस आणि ठरलेले काम नसेल, तर तो किती दिवस तसा राहील?

भाऊ: मांडाचे गोडवे गाताना मांडावरचे मानपानही आठवा. कोणी आधी, कोणी मागे, कोणी बाहेर. देवळाच्या मानावरून वर्षानुवर्षे कोर्टात चाललेली भांडणे आपल्याकडे थोडी नाहीत. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणून तर ज्याच्या घरी कर्ज झाले तो तोंड लपवतो. सोबतीनेच माणूस आजारी पडतो, असेही म्हणता येईल.

हा आक्षेप मला या संवादातला सर्वांत वजनदार वाटतो, आणि परंपरेवर प्रेम करणाऱ्यांनी तो टाळू नये. सोबत म्हणजे नुसती गर्दी असेल तर तिचा उपयोग नाही. ती जाचकही होते. साखळीच्या दत्तमंदिरात मन बिघडलेल्यांना बरे होण्याच्या श्रद्धेने आणण्याची परंपरा जुनी आहे, आणि पेडण्याच्या पुनवेच्या उत्सवालाही बाधा झालेली समजली जाणारी माणसे आणली जात. त्यामागची समजूत मी मानत नाही. त्या प्रथेत दोन गोष्टी एकत्र होत्या आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. एक, आजाऱ्याला घरात कोंडून न ठेवता माणसांत आणणे, त्याच्यासाठी प्रवास करणे, त्याच्याबरोबर थांबणे. दुसरी, आजाराला बाधा म्हणणे आणि त्यामुळे डॉक्टरकडे जाणे लांबवणे. पहिली गोष्ट अमोल आहे. दुसरीने माणसांची वर्षे वाया जातात. ज्याला भास होतात, ज्याचे भान सुटते, त्याला औषध लागते, आणि बांबोळीची मनोरुग्ण संस्था त्यासाठीच आहे. त्याला धालो किंवा भजन पुरणार नाही. आरोग्य केंद्रातला समुपदेशक उपयोगी पडतो त्याचे एक कारण भाऊंच्या आक्षेपातच आहे. तो गावाच्या उतरंडीबाहेरचा असतो. सून सासूविषयी जे मांडावर बोलू शकत नाही ते त्याच्यापाशी बोलते आणि ते तिथेच राहते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते. गावाला दोन्ही हवे: सगळ्यांत मिसळण्याची जागा आणि सगळ्यांपासून दूर बोलण्याची जागा.

दारूचा प्रश्नही इथेच येतो. 'संगाथ'ने दारूचा त्रास असलेल्या ३७७ पुरुषांवर याच धर्तीचा प्रयोग केला. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे घातक पातळीच्या खाली आले होते, न घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांचे. फरक लहान आहे आणि तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे या त्रासाला आजवर घरच्यांच्या शिव्या आणि देवळातली शपथ हेच बहुतेकदा उपाय होते, तिथे दहा टक्के म्हणजे बरीच घरे होतात.

भाऊ: मग शेवटचे विचारतो. उद्या सगळ्या खाणी नियमाने आणि जोरात सुरू झाल्या, ट्रक धावू लागले, तर हे सगळे लागणारच नाही, असे नाही का?

बाई: लागेल. तारखा पाहा, भाऊ. चीनच्या मागणीमुळे गोव्याचे खनिज सोन्याच्या भावाने जात होते त्या वर्षांत, २०१२ च्या आधी, आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत खिन्नता आणि चिंता यांनी त्रासलेल्या रुग्णांवर 'मानस' नावाचा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१० साली आला. चोवीस दवाखाने आणि जवळजवळ अठ्ठावीसशे रुग्ण. अंगदुखी, थकवा, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन आलेली ही माणसे होती आणि पैशाची ती वर्षे भरभराटीची होती. दरडोई उत्पन्नात गोवा तेव्हाही देशात वरच्या क्रमांकांवर होता. पैसा नसला की मन पडते. पैसा आला म्हणून ते आपोआप उठत नाही. शिवाय त्या प्रयोगाचा एक बारकावा तुमच्या बाजूचा आहे, तो मी लपवणार नाही: समुपदेशकांचा फायदा सरकारी केंद्रांत स्पष्ट दिसला, खाजगी डॉक्टरांकडे दिसला नाही. खाजगी डॉक्टरकडचे रुग्ण समुपदेशकाशिवायही तितकेच बरे होत होते. त्यांच्या डॉक्टरकडे त्यांना द्यायला वेळ असावा, आणि तो त्यांना ओळखतही असावा.

भाऊ: म्हणजे ज्याला सरकारी केंद्राशिवाय दुसरीकडे जाता येत नाही, त्यालाच ऐकून घेणाऱ्या माणसाची सर्वांत जास्त गरज. हे मला पटते. पण मग तो माणूस कासारवर्ण्याच्या, मयेच्या, साखळीच्या केंद्रात कायमचा बसला पाहिजे, प्रयोग संपला की उठून जाता कामा नये. त्याचा पगार अर्थसंकल्पात दिसला पाहिजे. ते झाले नाही, तर तुमच्या मांडाची आणि माझ्या हप्त्याची चर्चा आपण पुढची दहा वर्षे अशीच करत राहू.

बाई: पगार तर हवाच. पण पंचायतीने तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्याने आरोग्य सेविका घरी जाईल तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आईला झोप लागते का, कशात मन रमते का, एवढे दोन प्रश्न विचारता येतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला आठवड्यातून एक वार नेमून भजनाला घेऊन जाता येते. त्याने 'आज नको' म्हटले तरी पुढच्या आठवड्यात त्याच वाराला पुन्हा जायचे, आणि त्या वेळी टाळ त्याच्या हातात द्यायचा.